शनिवारचे गोल

इझिकेल मास्तरांच्या संघाने शनिवारी जास्त गोल केले, ही गोष्ट खरी आहे. मास्तर शनिवारी मैदानावर येत नसत, हीही खरी आहे. या दोन खऱ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पनवेलमध्ये तीन-चार हंगाम वाद चालला. स्वातंत्र्याला दहा वर्षे होत आली होती, गावात रेल्वे यायची होती आणि एस.टी. स्टँडसमोरच्या अण्णांच्या हॉटेलात बोलायला विषय थोडे होते. फुटबॉलच्या संघाचे गोल कोच करतो की खेळाडू, हा त्यातला सर्वांत टिकाऊ विषय ठरला. गोलांचे श्रेय खेळाडूंना देणारे शनिवारवाले आणि मास्तरांना देणारे रविवारवाले, असे सरळ दोन पक्ष पडले होते. मी तेव्हा पनवेलच्या एका साप्ताहिकात सामन्यांचे वृत्त लिहीत असे, त्यामुळे दोन्ही पक्षांचा चहा मला मिळे.

मास्तर बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाचे. राहायला इस्राएल आळीत, हायस्कूलात भूमिती शिकवायला. शुक्रवारी सूर्य मावळला की ते घरात जात, ते शनिवारी आकाशात चांदण्या दिसेपर्यंत शाळा, मैदान, बाजार यांच्याशी त्यांचा संबंध नसे. शाळेने त्यांचा शनिवार कधीच मान्य करून टाकला होता. "सहा दिवस मी बडबडतो," ते म्हणत, "सातव्या दिवशी मला गप्प बसायचा हुकूम आहे. वर्गातल्या पोरांनी देवाचे आभार मानावेत."

अंगाने किडकिडीत, मान पुढे काढून चालणारे, डोक्यावर उन्हाने पिवळी पडलेली हॅट. लढाईच्या काळात ते लष्कराच्या पुरवठा खात्यात कारकून म्हणून बसऱ्याला होते. तिथे गोऱ्या पलटणींचे सामने त्यांनी पाहिले, पण खेळले किती, हे त्यांनी कुणाला सांगितले नाही. विचारले तर म्हणत, "मी बटाट्याच्या पोत्यांचा हिशेब ठेवायचो. पोती गोल करत नाहीत." त्यांना चेंडूला लाथ मारताना मी पाहिलेले नाही. चेंडू पायाशी आला तर ते वाकून तो हातात घेत, पुसत आणि मागणाऱ्याच्या हातात देत.

संघाचे मैदान म्हणजे भाऊसाहेबांचे भाताचे खाचर. भाऊसाहेब भाताच्या गिरणीचे मालक आणि क्लबाचे अध्यक्ष. कापणी झाली की ते लगतच्या खाचरांमधले बांध फोडून देत, गडी लावून ढेकळे बसवून घेत आणि पुढच्या पावसापर्यंत तिथे फुटबॉल चाले. जमीन खाडीकडे उतरती होती. पाहुण्या संघाला हे अर्धा खेळ झाल्यावर कळे.

सामना चालू असताना बाकीच्या संघांचे कोच मध्यरेषेजवळ उभे राहून ओरडत. मास्तर आपल्याच गोलच्या मागे उभे राहत. आपला संघ पुढे चढाई करत असला की दूरवरची ती गर्दी त्यांना नीट दिसतही नसे, कारण त्यांचा चष्मा जवळचा होता. भाऊसाहेबांना याचा फार राग येई.

"अहो मास्तर, गोल तिकडे होतोय आणि तुम्ही इकडे काय राखण करताय?"

"तिकडे गोल संपतो, भाऊसाहेब. सुरू इथे होतो."

"म्हणजे काय?"

"आपला बॅक चेंडू कुणाला देतो ते मला दिसतं. पुढचं मग मला अंदाजाने कळतं."

हे बोलणे शनिवारवाल्यांनी हॉटेलात वर्षभर वापरले. ज्या माणसाला आपल्या संघाचा गोल दिसतही नाही, तो गोल करायला काय शिकवणार?

शिकवण्याची त्यांची तऱ्हा गावाच्या चेष्टेचा विषय होती. रविवारी सकाळी सराव असे. मुले येत, थोडी पळत, आणि मग मास्तर म्हणत, "चला, चालून दाखवा." मग सगळा संघ एखादी चढाई चालत चालत करी. चेंडू हातात. ज्याच्याकडे चेंडू असे तो चालत जाई, पास द्यायच्या जागी थांबून दुसऱ्याचे नाव घेई आणि चेंडू त्याच्याकडे घरंगळत सोडी. बाकीचे दहा जण आपापल्या जागी तशाच चालीने सरकत. खाचराच्या कडेने बाजाराला जाणाऱ्या बायका हसत. लोकांनी या प्रकाराला 'वरात' असे नाव ठेवले होते.

मधेच मास्तर "थांबा" म्हणत. सगळे जागच्या जागी थांबत. मग ते कुणाही एकाकडे बोट दाखवत.

"तू इथे का उभा आहेस?"

"तुमीच सांगितलंव ना, मास्तर."

"जा. पहिल्यापासून."

हे उत्तर चालत नसे. समोरचा बॅक तिकडे ओढला गेला म्हणून, युसूफच्या मागे मोकळी जागा दिसली म्हणून, अगदी मला धाप लागली म्हणून सुद्धा, अशी कुठलीही डोळ्यांनी दिसलेली किंवा अंगाला कळलेली गोष्ट चाले. मास्तरांनी सांगितले म्हणून उभा आहे, असे म्हटले की सगळी वरात पुन्हा आपल्या गोलपासून निघे. नव्या मुलाच्या पायी एकेक सकाळ जाई आणि जुनी मुले त्याला शिव्या घालीत.

वर्गातही त्यांचे असेच चाले. दोन बिंदूंमधले सर्वांत कमी अंतर म्हणजे सरळ रेषा, हे फळ्यावर लिहून झाल्यावर ते मुलांकडे वळून म्हणत, "मधे बॅक उभा नसेल तर."

पुढच्या फळीत नाव घ्यावे असे दोघे होते. सेंटर फॉरवर्ड युसूफ आणि डाव्या विंगवरचा धर्मा. युसूफ मोहल्ल्यातला, बैलगाडीची चाके बनवणाऱ्या कारखानदाराचा मुलगा. उंच, देखणा, आणि आपण देखणे आहोत हे ठाऊक असलेला. गोल बहुतेक तोच करी. धर्मा खाडीकडच्या गावातला आगरी. घरचे सगळे मिठागरावर कामाला. त्याच्याइतके वेगाने पळणारे तालुक्यात कुणी नव्हते, पण त्याच्यात एक खोड होती. तो बाजूच्या रेघेला धरून पळे आणि आत वळत नसे. समोर गोल उघडा पडलेला असला तरी तो रेघेवरून कोपऱ्यापर्यंत जाई आणि तिथे चेंडूसकट अडकून बसे. प्रेक्षक डोके धरत. "अरे आत वळ, आत!" असे भाऊसाहेब ओरडले की तो मान हलवी आणि पुन्हा सरळ पळे.

मास्तरांनी पहिल्या हंगामभर त्याला वळवायचा प्रयत्न केला. चुन्याची तिरकी रेघ मारून दिली, तिच्यावरून चालत जायला सांगितले. चालताना तो जाई. पळताना नाही. शेवटी त्यांनी कारण विचारले, तेव्हा धर्मा खाली बघून म्हणाला, "मना नाय जमत, मास्तर. पाय आपसूक सरल जातान."

पुढच्या रविवारी मास्तर सरावाला आले नाहीत. मीठ काढायचे दिवस होते, म्हणून धर्माही येणार नव्हता; सकाळीच हॅट घालून ते त्याच्या गावी मिठागरावर गेले होते. मी बरोबर होतो. मिठागर म्हणजे उथळ चौकोनी कोंड्या आणि त्यांच्यामधून जाणारे पाऊलभर रुंदीचे बांध. हंगामाआधी कोंडीचा तळ पायांनी तुडवून घट्ट करतात. एकदा पाणी भरून मीठ धरायला लागले की त्यात कुणी पाय टाकायचा नाही. टाकला तर तळ फुटतो, चिखल वर येतो आणि मीठ काळे पडते. धर्मा डोक्यावर मिठाची पाटी घेऊन त्या बांधांवरून अक्षरशः धावत होता. खाली बघत नव्हता. त्याच्या मागून त्याची धाकटी बहीण तशीच धावत होती. बांध काटकोनात वळला की तीही काटकोनात वळे. एकही पोर कोपरा वाचवायला तिरके जात नव्हते.

मास्तर बराच वेळ बघत राहिले. मग धर्माच्या वडिलांनी त्यांना खाटेवर बसवले आणि पाणी दिले.

"आमचा धर्मा काय चुकतंय का, मास्तर?"

"नाही. चूक माझी होती. तुमचा मुलगा बरोबर पळतो."

त्यानंतर मास्तरांनी धर्माला आत वळायला एकदाही सांगितले नाही. "तू बांधावरच राहा," ते म्हणाले, "फक्त कोपऱ्यापर्यंत सगळ्यांच्या आधी पोच." बदल त्यांनी इतरांत केला. धर्मा कोपऱ्यापर्यंत पोचेतो युसूफने कुठे यायचे, उजवीकडच्याने मागे कुठे राहायचे, हे सगळे चालून चालून ठरवले गेले. कोपऱ्यातून चेंडू मागे येई आणि युसूफ तो आत घाली. पुढच्या हंगामात संघाचे निम्मेअधिक गोल असे झाले आणि कोळीवाड्यापासून मोहल्ल्यापर्यंत युसूफचे नाव झाले.

वादाला खरे तोंड इथे फुटले. रविवारवाले म्हणाले, हे गोल मास्तरांचे. शनिवारवाले म्हणाले, धावतो धर्मा, मारतो युसूफ, मास्तर गोलमागे उभे राहून हॅटने वारा घेतात. आणि मग त्यांनी हुकमाचे पान टाकले. शनिवारी मास्तर नसतात, तेव्हा याच पोरांनी जास्त गोल केले आहेत. मोजा.

मोजले तेव्हा ते तसेच निघाले.

शनिवारी अर्धा दिवस सुटी असलेल्या कचेऱ्यांचे संघ दुपारच्या एस.टी.ने येत. ते हौशी असत आणि जेवून आलेले असत. पेण, उरणकडचे कसलेले संघ रविवारी येत. फरकाचे हे कारण मी मास्तरांना दाखवले आणि लिहू का म्हणून विचारले.

"नको," ते म्हणाले. "तेही आहे. पण तेवढंच नाही. शनिवारी पोरं मोकळी खेळतात, असं युसूफ सांगतो. ते खरं असलं पाहिजे."

"तुम्हाला त्याचं वाईट नाही वाटत?"

"वाईट एवढंच वाटतं की ते मला बघता येत नाही."

शनिवारची त्यांची दुपार कशी जाई, ते त्यांच्या पत्नी राहेलबाई यांनी मला सांगितले. "ह्यांचे पाय घरात आणि कान खाडीवर," त्या म्हणाल्या. ओटीवर बसले की मैदानातला ओरडा वाऱ्यावर येई. मास्तर तो ऐकून निकाल सांगत. "हा गोल नाही. नुसती माणसं ओरडली. गोल झाला की आधी पोरं ओरडतात, माणसं मागून." राहेलबाई म्हणाल्या की त्यात ते सहसा चुकत नसत, आणि म्हणून त्यांना सारखे ऐकून घ्यावे लागे.

जे बघायला मिळत नसे, ते मास्तर रविवारी चालून घेत. सकाळी मुले जमली की पहिले काम कालचे गोल. प्रत्येक गोल आपल्या बॅकपासून सुरुवात करून चालत दाखवायचा. हा कार्यक्रम बघायला मी मुद्दाम जाई. एकदा युसूफ भरात होता.

"मास्तरसाब, इथून मी निघालो. एकाला इथं कट मारला, दुसऱ्याला इथं, तिसरा बिचारा..."

"तिसरा कवा आला?" धर्माने विचारले.

"तू कोपऱ्यात होतास, तुला काय दिसणार?"

"मास्तर, एकच बॅक व्हता. आन तो पन आदीच पडलेला. त्याची चप्पल तुटली व्हती."

"चप्पल घालून खेळत होता?" मास्तरांनी विचारले.

"कचेरीवाला व्हता ना."

सगळे हसून लोळले. युसूफही हसला. मास्तरांनी एका मुलाला आडवे झोपवले, तो पडलेला बॅक. "हं, आता याच्यावरून चेंडू ने. आणि तेव्हा बाकीचे कुठे होते ते सांगा."

हॉटेलात मास्तर क्वचित येत, पण आले की अण्णा मुद्दाम विषय काढत. एकदा भाऊसाहेबही होते. ते म्हणाले, "मास्तर, रागावू नका. माझ्या गिरणीत भात भरडतं ते इंजिन. मी गल्ल्यावर बसतो. मी नसलो म्हणून भरडणं थांबत नाही."

"मी तेच म्हणतो," मास्तर म्हणाले.

"तुम्ही तेच म्हणता? मग हे रविवारवाले कशासाठी भांडतायत?"

"ते त्यांना विचारा. भाऊसाहेब, बचाव शिकवता येतो. कुठे उभं राहायचं ते सांगितलं की माणूस उभा राहतो. गोल करणं तसं नाही. त्यात माझा वाटा म्हणजे चहातल्या आल्याएवढा. नसलं तरी चहा होतोच."

अण्णा गाळणी हातात धरून म्हणाले, "होतो. पण मास्तर, गिऱ्हाईक आल्याचा मागतं."

रविवारवाल्यांनी टेबले वाजवली. मास्तरांनी मात्र अण्णांकडे जरा रागाने पाहिले. आपल्या बाजूने झालेला युक्तिवाद त्यांना आवडत नसे.

चौथ्या हंगामात भाऊसाहेबांनी हालचाल केली. मुंबईच्या एका गिरणीच्या संघातून खेळलेला एक फॉरवर्ड आता कोच म्हणून यायला तयार होता. आठवड्यात दोन दिवस येईन, शनिवार-रविवार दोन्ही सामन्यांना हजर राहीन, असे त्याने कबूल केले होते. भाऊसाहेबांच्या मनात मास्तरांविषयी आकस नव्हता, हे नोंदवले पाहिजे. त्यांना गोल जास्त हवे होते. आणि जमीन त्यांची होती, म्हणून कमिटी त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती.

त्या वर्षी खाडीकाठच्या गावांच्या ढालीचा अंतिम सामना उरणच्या संघाशी आणि पनवेललाच होता. तो नेमका शनिवारी आला. भाऊसाहेबांनी ही संधी घेतली. कमिटीची बैठक त्यांनी सामन्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवली आणि मास्तरांना जाऊन स्पष्ट सांगितले. कसलेल्या संघाविरुद्ध, तुमच्याशिवाय, पोरं जिंकली तर तुमची गरज नाही असं धरू. चालेल?

"आणि हरली तर?" राहेलबाईंनी आतून विचारले.

भाऊसाहेब अडखळले. "हरली तर... अंतिम सामन्याला हजर राहणारा कोच पाहिजेच, नाही का?"

"म्हणजे दोन्हीकडून यांनी घरी बसायचं."

"राहेल," मास्तर म्हणाले, "त्यांचं म्हणणं वावगं नाही. निकाल शनिवारी लागू दे."

त्या आठवड्यात सराव नेहमीसारखा झाला. अंतिम सामन्याविषयी मास्तर वेगळे काही बोलले नाहीत. मुले गेल्यावर ते खाचराच्या बांधावर बसले. त्यांच्या भूमितीच्या वह्या तपासायच्या होत्या, पण ते उठेनात.

"तुम्हाला राहायचंय की नाही?" मी विचारले.

"राहायचं आहे," ते लगेच म्हणाले. "फार राहायचं आहे. या पोरांना चालताना बघण्यासारखं मला दुसरं काही नाही. पण माझ्यामुळे गोल होतात असं म्हणून मला राहायचं नाही. ते खरं आहे की नाही, मला माहीत नाही. माहीत नसलेलं मी वर्गातही सांगत नाही."

शनिवारी उरणची माणसे ट्रक भरभरून आली. भाऊसाहेब पांढरा कोट घालून मध्यरेषेजवळ उभे राहिले. पहिल्या अर्ध्या खेळात उरणने एक गोल केला. आमच्या मुलांना तो फेडता येईना. उरणवाल्यांना धर्माची खोड ठाऊक झाली होती. त्यांनी आपला सर्वांत वेगवान बॅक बाजूच्या रेघेवरच उभा करून ठेवला होता. धर्मा आला की तो समोर. चेंडू बाहेर. पुन्हा तेच.

मध्यंतरात भाऊसाहेबांनी मुलांना गोळा केले. "बॅक, हाफ, सगळे पुढे चला. हरायचं तर गोल करून हरू!" मुलांनी आदराने ऐकून घेतले. मग युसूफ म्हणाला, "साहेब, आम्ही जरा चालून बघतो."

"आत्ता?"

"थोडंच."

आणि अंतिम सामन्याच्या मध्यंतरात, दोन गावांच्या माणसांसमोर, पनवेलच्या संघाने वरात काढली. अकरा जण चेंडू हातात घेऊन अर्ध्या मैदानातून संथपणे चालले, एका ठिकाणी थांबले, हळू आवाजात काहीतरी भांडले, परत गेले आणि पुन्हा चालले. उरणचे प्रेक्षक शिट्ट्या मारू लागले. "नवरा कोन हाय रे यात?" असे कुणीतरी ओरडले. भाऊसाहेब कोटाची बटणे लावत आणि काढत राहिले.

दुसऱ्या अर्ध्यात युसूफ उजवीकडे सरकून खेळू लागला. उरणचे दोन बॅक त्याच्या मागे गेले. उजवीकडून आलेला चेंडू त्याने डोक्याने आत घातला आणि बरोबरी झाली. खेळ संपत आला तेव्हा चेंडू डावीकडे धर्माकडे आला. तो रेघेवरून निघाला. रेघेवरचा बॅक पाय रोवून उभा होता. आणि धर्मा आत वळला.

क्षणभर कुणीच ओरडले नाही. आमचे लोकही नाही. धर्मा तिरका, एकटा, मोकळ्या जमिनीवरून गोलकडे गेला आणि त्याने चेंडू गोलकीपरच्या बाजूने सारला. मग आधी पोरे ओरडली, माणसे मागून.

ढाल मिळाल्यावर मिरवणूक निघाली. हॉटेलासमोर दोन्ही पक्ष आपापला विजय सांगू लागले. शनिवारवाले म्हणाले, मास्तरांनी तीन वर्षे ज्याला रेघेवर ठेवला, तो मास्तर नसताना आत वळला आणि ढाल आली, आता बोला. रविवारवाले म्हणाले, तीन वर्षे रेघेवर ठेवला म्हणून तर उरणचा बॅक रेघेवर उभा होता. मी दोन्ही बाजू लिहून घेतल्या. दोन्ही बरोबर वाटत होत्या.

मुले हॉटेलात थांबली नाहीत. ती इस्राएल आळीत गेली आणि मास्तरांच्या घरासमोर रस्त्याच्या कडेला बसून राहिली. दारावर कुणी थाप मारली नाही. त्यांच्यामागून भाऊसाहेब आले, ढाल काखेत घेऊन. मुलांना वर बघत बसलेले पाहून तेही वर बघू लागले. चांदण्या दिसल्या तेव्हा आतून दिवा लागला, दार उघडले आणि मास्तर हॅटशिवाय बाहेर आले. "दोन," ते म्हणाले. "दुसरा काय झाला? मधे कुणी ओरडलंच नाही."

"चालून दाखवतो," युसूफ म्हणाला.

रस्त्यावरच सुरुवात झाली. चेंडू होताच. समोरच्या घरांतली माणसे ओट्यांवर आली. माणसे कमी पडली, कारण उरणचा संघ नव्हता. मास्तरांनी इकडेतिकडे पाहिले.

"भाऊसाहेब, तुम्ही उरणचे बॅक व्हा. या रेघेवर. ढाल राहेलकडे द्या."

भाऊसाहेबांनी ढाल दिली आणि गटाराच्या कडेला पाय फाकवून उभे राहिले. धर्मा चेंडू घेऊन त्यांच्यासमोर चालत आला. तो वळायच्या आधीच भाऊसाहेब पाऊलभर आत सरकले.

"थांबा," मास्तर म्हणाले. "धर्मा, इथून आत का वळलास?"

"ह्यो बॅक माझ्यासाटीच उबा व्हता, मास्तर. आत कोनीच नवता."

"गेली चार वर्षं आत कुणी नसायचं."

धर्माने डोके खाजवले. "ते भाताचं खाचर हाय, मास्तर. त्यात काय फुटाचंय?"

मास्तरांनी त्याच्या हातातला चेंडू घेतला, पुसला आणि परत दिला. मग युसूफकडे वळले. "आणि तू? तू कुठे होतास?"

"मी? मी तिकडं उजवीकडं नुसता उभा."

"का?"

"दोन बॅक माझ्यासोबत आले ना. मी परत गेलो असतो तर तेही परत आले असते."

"म्हणजे जागा तू केलीस."

"मग पेपरात माझंबी नाव पायजे," युसूफ माझ्याकडे बघून म्हणाला.

भाऊसाहेब अजून पाय फाकवून उभे होते. ते तसेच म्हणाले, "मास्तर, मग यात तुमचं काय?"

"माझं काय असणार? मी घरात होतो."

हसू ओसरल्यावर भाऊसाहेबांनी विषय काढला. उद्या बैठक आहे, मुंबईच्या माणसाला उत्तर द्यायचे आहे, तुम्ही पोरांनीच काय ते सांगा. मास्तरांनी चष्मा काढून हातात धरला होता. राहेलबाई ढाल पोटाशी धरून दारात उभ्या होत्या.

युसूफने विचारले, "साहेब, तो मुंबईवाला शनिवारी पण येणार का?"

"येणार की. दोन्ही दिवस. तेच तर सांगतोय मी."

युसूफने धर्माकडे पाहिले. धर्माने मान हलवली.

"मग नको," युसूफ म्हणाला. "शनिवार आमचा आहे."

"आन रविवार मास्तरांचा," धर्मा म्हणाला. "शनिवारी केलेला कोनाला दाखवाचा मग?"

भाऊसाहेबांनी एकदा मुलांकडे, एकदा दारातल्या ढालीकडे पाहिले. "बरं," ते म्हणाले. "कळवतो तसं."

पुढच्याच महिन्यात मला पुण्याच्या एका दैनिकात नोकरी मिळाली आणि पनवेल सुटले. मास्तर त्यानंतरही बरीच वर्षे होते, असे कळत असे. मला ते शेवटचे दिसले ते त्या संध्याकाळी. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला, रस्त्याच्या मध्यावर येऊन भाऊसाहेबांचे दोन्ही खांदे धरले आणि त्यांना किंचित डावीकडे सरकवले.

"पुन्हा एकदा, पहिल्यापासून," ते म्हणाले. "भाऊसाहेब, मघाशी तुम्ही फार लवकर हललात."